सदर आणि पुस्तक : ‘अभिरुची’च्या सदरकारांबद्दल एक हरकत

मागच्या बैठकीत आपल्या मंडळाची ‘बडोद्याचे मराठी साहित्यिक’ ही यादी वाचली गेली, तेव्हा मी एका नावाला हरकत घेतली होती. नाव होतं पु. ल. देशपांडे. पुढे कारण लिहिलं होतं : ‘बडोद्याच्या अभिरुची मासिकातून लेखनास आरंभ.’ मी म्हटलं, हे नाव काढा. त्यावर चार-पाच जण एकदम बोलले आणि शेवटी अध्यक्षांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने सांगितलं, “तोंडी नको, लिहून आणा.” म्हणून हे लिहून आणलं आहे. हरकत पु. लं.बद्दल नाहीच. आपण मासिकाकडे कसं बघतो, त्याबद्दल आहे. आणि त्यात माझाही एक गुन्हा आहे, तो पुढे येईल.

आधी मासिकाबद्दल. ‘अभिरुची’ १९४३ मध्ये बडोद्यात सुरू झालं. चालवणारे पुरुषोत्तम आत्माराम चित्रे, म्हणजे कवी दिलीप चित्रे यांचे वडील. साल नीट बघा. महायुद्ध चालू, कागदावर सरकारी नियंत्रण, चळवळीतली माणसं तुरुंगात. सयाजीराव महाराजांना जाऊन चार वर्षं झालेली. संस्थानाचा आश्रय, ग्रंथमाला, मोठमोठी संमेलनं असं सगळं आपल्या गावानं पाहिलं होतं. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन साहित्य संमेलनं त्याआधी इथं होऊन गेली होती. पण ‘अभिरुची’ हे दरबारी काम नव्हतं. एका घरातून, एका माणसाच्या हौसेवर आणि हट्टावर निघालेलं ते मासिक होतं. वाचकवर्गही बेताचाच; लेखक, प्राध्यापक, कवितेचं वेड असलेली पोरं आणि काही चोखंदळ घरं. आज ज्याला आपण लेखकांचं मासिक म्हणू, तसं.

वाङ्मयाच्या इतिहासात त्याचं नाव येतं ते बहुतेक दोन कारणांनी. एक, मर्ढेकरांच्या नव्या वळणाच्या कविता त्यात आल्या. दोन, पु. लं.चं ‘भय्या नागपूरकर’ हे व्यक्तिचित्र १९४४ मध्ये त्यात आलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण दोन्हींत मासिक हे नुसतं स्टेशन ठरतं. गाडी आली, थांबली, पुढं गेली. महत्त्व गाडीला, आणि स्टेशनच्या नावाची पाटी तेवढी आपण पुसून ठेवतो. माझं म्हणणं असं, की ‘अभिरुची’चं स्वतःचं काम बघायचं असेल तर गाडीत बसून गेलेल्या कविता-कथांपेक्षा तिथंच राहून गेलेली सदरं बघायला हवीत.

कविता उचलून संग्रहात नेता येते. व्यक्तिचित्रही नेता येतं. सदर नेता येत नाही. म्हणजे त्यातले निवडक लेख पुस्तकात येऊ शकतात, पण सदर म्हणजे नुसते लेख नसतात. दर महिन्याला तीच जागा, तेच नाव, मागच्या महिन्याला कोणी काय म्हटलं त्याला उत्तर, पुढच्या महिन्याची वाट. ते सगळं मिळून सदर होतं.

आता या सदरकारांकडे येऊ.

‘अभिरुची’त ‘वाद-संवाद’ नावाचं सदर होतं. लिहिणारे ‘निषाद’. हे म्हणजे मंगेश विठ्ठल राजाध्यक्ष, इंग्रजीचे प्राध्यापक, वय तेव्हा तिशीच्या जरा पुढे. दुसरं एक नाव त्या पानांवर येई, ‘पुरुषराज अळूरपांडे’. असा गृहस्थ कधी जन्माला आला नाही. पुरुषोत्तम देशपांडे, राजाध्यक्ष आणि रा. वा. अळूरकर या तिघांनी मिळून घेतलेलं ते नाव. साहित्यातल्या ढोंगाची, अलंकारिक फुगीरपणाची टिंगल करायला तिघांनी मिळून एक चौथा माणूस उभा केला.

हे नाव जरा उलगडून बघा, मजा आहे. ‘पुरुष’ पुरुषोत्तममधला. ‘राज’ राजाध्यक्षांमधला. ‘अळूर’ अळूरकरांचा. आणि ‘पांडे’ पुन्हा देशपांड्यांचा. म्हणजे डोकं आणि पाय दोन्ही पु. लं.चे, बाकी दोघं मध्ये. ठरवून केलेलं नसेल, कानाला बरं वाटलं म्हणून तसं जुळलं असेल. पण पुढे तिघांच्या वाट्याला जे आलं ते या नावात आधीच लिहिल्यासारखं आहे. दोन्ही टोकं जगाला माहीत. मधला ‘राज’ जाणकारांना माहीत. आणि ‘अळूर’ या नावापुरतेच सामान्य वाचकाला भेटतात. आपल्या यादीत पु. ल. आहेत, इतर दोघं नाहीत, याचाही त्याच्याशी संबंध आहे. निकष ‘अभिरुचीत लिहिलं’ हा असता तर तिघंही यायला हवे होते. म्हणजे खरा निकष प्रसिद्धीचा आहे. तो लपवून आपण गावाचं नाव पुढे केलं आहे.

आता ‘निषाद’. या शब्दाला दोन अर्थ. गाणाऱ्याला तो सातवा स्वर, सप्तकाचा शेवटचा. रामायण ऐकलेल्याला तो क्रौंच पक्ष्याला बाण मारणारा पारधी, ज्याच्यामुळे आदिकवीच्या तोंडून श्लोक बाहेर पडला. टीकाकाराला हे नाव दोन्ही अंगांनी शोभतं. तो शेवटी बोलतो आणि तो मारतो. पण दुसऱ्या अर्थात एक टोमणा स्वतःलाही आहे. त्या गोष्टीत कवी अमर झाला आणि पारध्याला शाप मिळाला. सदरकार म्हणून लिहिताना हे नाव घेणाऱ्याला आपली जागा पक्की ठाऊक असावी, असं मला वाटतं.

टोपणनावाबद्दल आपल्या बैठकीत एक आक्षेप आला होता, तो योग्य आहे. नाव लपवून दुसऱ्यावर टीका करणं हे धैर्याचं की पळपुटेपणाचं? मी त्यावर बराच विचार केला. मला वाटतं, टीका कशाबद्दल आहे त्यावर ते ठरतं. अमक्याची वागणूक, अमक्याचे पैसे, अमक्याचं घर याबद्दल नाव लपवून लिहिलं तर ती चुगली. कारण वाचकाला ते तपासून बघता येत नाही, त्याला सांगणाऱ्याच्या शब्दावर जावं लागतं, आणि सांगणाऱ्याचं तर नावच नाही. पण ‘या कथेतलं हे वाक्य पोकळ आहे’ असं म्हटलं तर ते वाक्य छापलेलं आहे. वाचकाने काढून बघावं. तिथं लिहिणारा कोण याला फारसं महत्त्व उरत नाही. विडंबनाचं तर त्याहून सरळ. ज्याची शैली उचलली तो जर विडंबनात ओळखू आला, तर पुरावा त्याच कागदावर असतो. म्हणून साहित्यावरच्या सदराला टोपणनाव चालतं. उलट ते उपयोगीच पडतं, कारण लिहिणाऱ्याच्या नावाचं वजन वाक्याला लागत नाही. वाक्याला आपल्या पायावर उभं राहावं लागतं.

इथं बडोद्याचा प्रश्न येतो. लिहिणारे इथले नव्हते. ते मुंबई-पुण्याकडचे. मग गावाचा वाटा काय? काही जण म्हणतात, इथल्या वातावरणाने त्यांना घडवलं. मला ते पटत नाही. ज्या वातावरणात ते राहिलेच नाहीत त्याने ते कसे घडतील? वातावरणच बघायचं तर चिं. वि. जोशी बघा. ते इथं राहिले, बडोदा कॉलेजात पाली शिकवली, संस्थानच्या दप्तरखान्याचं काम केलं, आणि चिमणराव-गुंड्याभाऊ इथं बसून लिहिले. ‘बडोद्याचा विनोदकार’ म्हणायचं तर चिं. वि. त्यांच्या विनोदात कारकुनी, बदल्या, नातेवाईक, वाड्यातली भांडणं आहेत. तो राहून लिहिलेला विनोद आहे.

‘अभिरुची’ला बडोद्याने दिलं ते दुसरंच काहीतरी. अंतर दिलं. मुंबई इथून रात्रभराची गाडी. पुणं त्याच्याही पलीकडे. संपादक इथं आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं ती मंडळी तिकडे. त्यांचा रोज सकाळ-संध्याकाळचा शेजार नाही, एकाच कट्ट्यावर चहा नाही, एकाच प्रकाशकाच्या दुकानात बसणं नाही. साहित्याची राजधानी सोडून लांब बसलेल्या संपादकाला सदरकाराला सांगता येतं, ‘लिही, मी छापतो.’ हे माझं अनुमान आहे. पण लहान गावातून निघणाऱ्या मासिकाची टीका कधीकधी मोठ्या शहरातल्यापेक्षा मोकळी असते, हे आपल्यापैकी ज्यांनी अंक काढलेत त्यांना माहीत आहे. आपल्याच गावच्या माणसावर मात्र लिहिता येत नाही! तेही माहीत आहे.

तेव्हा गावाचा मान कोणाला? माझ्या मते संपादकाला. पण संपादकाचं काम पुस्तकांच्या कपाटात दिसत नाही. लेखकाचा संग्रह निघतो, संपादकाने कोणाला विचारलं, कोणाचं परत पाठवलं, कोणाला दर महिन्याला तगादा लावून लिहितं ठेवलं, याचा संग्रह निघत नाही. सदर हे अर्धं सदरकाराचं आणि अर्धं तगादा लावणाऱ्याचं असतं. चित्रे कुटुंब १९५१ मध्ये मुंबईला गेलं. तीनच वर्षांनी त्या घरातला मुलगा, दिलीप, मित्रांबरोबर ‘शब्द’ नावाचं छोटं नियतकालिक काढायला लागला, त्यात अरुण कोलटकरही होते. ज्या घरात मासिक बनतं त्या घरातल्या पोराला मासिक काढणं ही मोठी अचाट गोष्ट वाटत नाही, एवढं तरी म्हणता येईल. आपल्या यादीत पुरुषोत्तम आत्माराम चित्रे हे नाव मुलाच्या नावाखाली, कंसात आहे. ते कंसातून बाहेर काढा. माझी दुसरी सूचना ही.

आता सदरकारांचं पुढे काय झालं ते बघू, कारण तिथंच समीक्षेचा खरा प्रश्न आहे.

पु. ल. १९४४ साली पंचविशीत होते. पुढे सिनेमा, बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजातली प्राध्यापकी, आकाशवाणी, दूरदर्शन, नाटकं, एकपात्री प्रयोग. १९७४ मध्ये इचलकरंजीच्या संमेलनाचे अध्यक्ष. ‘अभिरुची’तला विडंबनकार कुठं गेला? पूर्ण गेला नाही. ‘खोगीरभरती’, ‘नस्ती उठाठेव’, ‘गोळाबेरीज’ या पुस्तकांत तो दिसतो, साहित्यिकांच्या लकबी पकडणारा, दुसऱ्याची शैली अंगात घालून बघणारा. पण हळूहळू श्रोता बदलला. मासिकाचा वाचक स्वतः लिहिणारा किंवा लिहू बघणारा होता. त्याला टोला लागायचा. नाट्यगृहातला श्रोता शेजारच्याला लागलेल्या टोल्यावर हसतो. पु. लं.चा विनोद मोठा झाला, प्रेमळ झाला, आणि सगळ्यांचा झाला. त्यात एक छोटी, बोचरी, लेखकाने लेखकाला मारलेली गोष्ट मागे राहिली. हा तोटा आहे असं मी म्हणतो. फायदा त्याहून मोठा झाला हे मान्य करूनच म्हणतो.

‘भय्या नागपूरकर’बद्दलही एक शब्द. हे व्यक्तिचित्र १९६२ मध्ये ‘व्यक्ती आणि वल्ली’त आलं आणि आपण सगळ्यांनी ते तिथंच वाचलं. मध्ये अठरा वर्षं गेली होती. १९६२ चा वाचक ‘पु. लं.चं’ म्हणून वाचायला बसला, हसायच्या तयारीने. १९४४ चा वाचक एका पोरसवदा लेखकाचं काहीतरी वाचत होता, आणि तेही कुठं, तर पुण्या-मुंबईबाहेरच्या मराठीच्या एका गावात निघालेल्या मासिकात. भय्याची सगळी गंमत त्याच्या नागपुरी बोलण्यात आहे. ती टिपणारा कान थक्क करणारा आहे, आणि त्यात मायाही आहे. पण त्या कानाला ‘सरळ’ मराठी म्हणजे कोणती, हे ठरलेलं आहे. आपण बडोद्याचे लोक रद्दीला ‘पस्ती’ म्हणतो, प्रश्नाच्या शेवटी ‘ने’ लावतो, आणि पुण्याच्या लग्नात त्यावर हसं झालेलं आहे. त्यामुळे ते वाचताना मी हसतो आणि हसता हसता जरा सावरून बसतो. कोणी ‘भय्या बडोदेकर’ लिहिला असता तर? पुस्तकात वाचताना हा प्रश्न पडत नाही. ‘बडोदे’ असा छाप असलेल्या अंकात वाचला की पडतो. लेख तोच, पण जागा बदलली की वाचन बदलतं.

राजाध्यक्षांची वाट वेगळी. ते १९१३ चे, २०१० मध्ये गेले. एवढ्या दीर्घ आयुष्यात त्यांनी इंग्रजी शिकवलं, कुसुमावती देशपांडे यांच्यासह मराठी साहित्याचा इंग्रजी इतिहास लिहिला. पण स्वतःचं म्हणून जे मराठीत लिहिलं ते बहुतेक छोटं. पुस्तकांची नावं बघा : ‘खर्डेघाशी’, ‘शालजोडी’, ‘आकाशभाषिते’, ‘मनमोकळे’. ‘खर्डेघाशी’ म्हणजे कारकुनाचं काम. स्वतःच्या लिहिण्याला ते नाव देणारा माणूस स्वतःवर आधी हसून घेतो. ‘शालजोडी’ म्हटलं की मराठी माणसाला शालजोडीतला आहेर आठवतोच. पुढे ‘भाषाविवेक’, ‘शब्दयात्रा’, म्हणजे शब्द कसे वापरले जातात त्याची चौकशी. हा सगळा सदरकाराचाच धंदा आहे. निषाद नाव सुटलं तरी सवय सुटली नाही.

काही समीक्षक अशा लेखकाबद्दल हळहळतात, ‘एवढी विद्वत्ता, पण मोठा ग्रंथ नाही.’ मी पूर्वी असंच म्हणत असे. आता मत बदललं आहे. ज्याने तरुणपणी दर महिन्याला ठरलेल्या जागेत, ठरलेल्या वेळी, समोरच्या वाचकाला धरून लिहिलं, त्याच्या वाक्याला एक वळण लागतं. फापटपसारा त्याला सोसत नाही. त्याचा दोषही आहे : जो विषय दोनशे पानं मागतो त्याला तो पाच पानांत चिमटा काढून सोडून देतो. राजाध्यक्षांचं लेखन वाचताना अनेकदा वाटतं, इथं अजून थांबायला हवं होतं. पण मराठीत दोनशे पानं लिहिणारे पुष्कळ, आणि कुठं थांबावं हे कळणारे थोडे.

आणि अळूरकर? मी त्यांच्याबद्दल करुण काही लिहिणार नाही. सगळ्यांनी पुढे नाव मिळवावं असा नियम नाही. एका काळात, दोन मित्रांबरोबर, एका लहान मासिकात मनसोक्त लिहिलं, ही स्वतःत पुरी गोष्ट आहे. ‘करिअर’ नावाच्या फुटपट्टीने मोजलं की ती अपुरी दिसते. तिघांनी लिहिलेल्या मजकुरात कोणती ओळ कोणाची हे आता वेगळं काढू नये. नाव मुद्दाम एकत्र केलं होतं, ते एकत्रच राहू द्यावं. नाहीतर काय होतं, की चांगली ओळ दिसली की आपण म्हणतो ‘ही पु. लं.चीच असणार’. हे वाचन नव्हे, ही वसुली झाली.

आता माझा गुन्हा. आमच्या काकांकडे दांडिया बाजारच्या घरात मासिकांची एक ट्रंक होती. ‘सत्यकथा’ होते, दिवाळी अंक होते, आणि ‘अभिरुची’चे बरेच अंक होते, सुतळीने बांधलेले. वाडा सोडून आम्ही फ्लॅटमध्ये गेलो तेव्हा ट्रंक मी उघडली. वाळवी लागली होती, पण सगळ्यांना नव्हे. मी अनुक्रमणिका चाळल्या, ओळखीची नावं बघितली आणि मनात म्हटलं, हे तर पुस्तकात आहेच. मर्ढेकरांचा संग्रह घरात होता. ‘व्यक्ती आणि वल्ली’च्या तर दोन प्रती होत्या. मग दारावर आलेल्या पस्तीवाल्याला सगळे अंक किलोवर दिले. ट्रंक ठेवून घेतली. त्यात आता गोधड्या आहेत.

‘हे तर पुस्तकात आहेच.’ वीस वर्षं मी मराठी वाङ्मयाबद्दल बोलत-लिहीत होतो आणि ही माझी समज होती. जे पुस्तकात नव्हतं, म्हणजे त्या महिन्याचा ‘वाद-संवाद’, त्यावर आलेली वाचकांची पत्रं, संपादकाची टिपणं, इथल्या दुकानांच्या जाहिराती, तेच बडोद्याचं होतं. जे पुस्तकात होतं ते तर महाराष्ट्रभर मिळत होतं. मी नेमकं आपलं ते दिलं आणि जगाचं ते ठेवलं. आपली यादी पु. लं.चं नाव घेऊन तेच करते आहे, म्हणून मला हरकत घ्यावीशी वाटली.

तेव्हा माझ्या सूचना तीन. पु. लं.चं नाव ‘बडोद्याचे साहित्यिक’मधून काढून ‘अभिरुचीचे लेखक’ अशा वेगळ्या नोंदीत घालावं, आणि तिथं राजाध्यक्ष व अळूरकर त्यांच्या शेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत यावेत. पुरुषोत्तम आत्माराम चित्रे यांची स्वतंत्र नोंद व्हावी. आणि तिसरी सगळ्या सभासदांना विनंती. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या वरच्या फळीवर ‘अभिरुची’चा एखादा अंक असेल, तर त्यातली नावाजलेल्या लेखकाची पानं फाडून आणू नका. मागे एका सभासदांनी प्रेमाने तसं केलं होतं. अंक आहे तसा आणा, मुखपृष्ठ नसलं तरी, शेवटची जाहिरातींची पानं नसली तरी, वाळवीसकट. पुढच्या बैठकीला मी स्कॅनर घेऊन येतो.